कर्ज फिटलं, विमाही संपला



आमच्या चटणी केंद्राचं कर्ज फिटलं त्या दिवशी आम्ही बँकेत पेढे वाटले होते, शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना. अकरा बायकांनी चार वर्षांत एकही हप्ता चुकवला नव्हता, आणि त्यातल्या सातजणी सही करायला याच केंद्रात शिकल्या होत्या. मग पेढे नकोत का वाटायला? ही २०१८ च्या दिवाळीतली गोष्ट. पुढच्या ऑगस्टात कृष्णा सांगलीत शिरली. आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर आलं ते सांगणारे फोन रात्रभर येत राहिले. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर ब्याडगी आणि संकेश्वरीची पोती कुजून काळी पडलेली, कांडप यंत्राच्या मोटरीत गाळ, वजनकाटा, पिशव्या सील करायचं मशीन सगळं चिखलात. हाताचा तो वास आठवडाभर गेला नाही.

रडून झाल्यावर कोणीतरी म्हणालं, "आपला विमा आहे की!" खरंच होता. दरवर्षी बँकेच्या उताऱ्यात विम्याच्या नावाने रक्कम वजा झालेली आम्ही पाहत होतो. मी बँकेत गेले. साहेबांनी फाइल शोधली, पानं उलटली आणि अगदी सहज म्हणाले, "ताई, तुमचं कर्ज बंद झालं ना? मग विमा कसला?"

बँकेने विमा उतरवला होता तो तिच्या पैशांची काळजी म्हणून. पैसे परत आले, काळजी मिटली. त्या विम्याची मुदत २०१९ च्या मार्चमध्ये संपली, बँकेने तो पुढे चालू ठेवला नाही, आणि आम्हाला तसं एका ओळीने कळवलंही नाही. त्यांच्यावर रागावणं सोपं आहे, आणि मी रागावलेही. पण चार वर्षं ती पॉलिसी बँकेच्या फाइलमध्ये पडून होती आणि तिची एक झेरॉक्स मागावी असं आम्हा कोणालाच वाटलं नाही, हेही लिहायला हवं. "वाचल्याशिवाय अंगठा उठवू नका" हे मी प्रत्येक शिबिरात सांगते. मीच वाचलं नव्हतं.

नंतर ती जुनी पॉलिसी मागून घेतली आणि वाचायला बसलो. पॉलिसी चालू असती तरी आमच्या पदरात फारसं काही पडलं नसतं. एक तर पत्ता जुन्या खोलीचा होता. आम्ही नव्या गाळ्यात येऊन दोन वर्षं झाली होती, आणि मालमत्तेचा विमा लिहिलेल्या जागेपुरताच असतो. दुसरं, रक्कम पहिल्या वर्षीच्या कर्जाएवढीच राहिली होती. कर्ज कमी होत गेलं, माल वाढत गेला, आकडा मात्र तिथेच. हे किती महागात पडतं ते नीट समजून घ्या. माल दोन लाखांचा आहे आणि विमा एक लाखाचा. पाण्यात पन्नास हजारांचा माल गेला. आपल्याला वाटतं, पन्नास हजार एक लाखाच्या आतच आहेत, म्हणजे सगळे मिळतील. मिळतात पंचवीस हजार, कारण निम्म्याच मालाचा विमा होता, तेव्हा नुकसानीतला निम्माच वाटा कंपनीचा. उरलेला निम्मा तुमचा. शिवाय बँकेचं नाव पॉलिसीवर असलं की जे येतं तेही आधी बँकेकडे जातं.

पुरानंतर दीड-दोन वर्षं आम्ही पुन्हा कर्ज काढून उभे राहण्यात घालवली. तोवर नियमही बदलले. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची एकाच मजकुराची पॉलिसी ठेवावी लागते. एका ठिकाणची इमारत, यंत्रं, माल सगळं मिळून पाच कोटींपर्यंतच्या उद्योगासाठी ती आहे, म्हणजे आपण सगळ्याच तिच्यात आलो. आग, वादळ, पूर, भूकंप, दरड, दंगल हे तिच्यात धरलेलं आहे. विम्याची रक्कम खऱ्या किमतीपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडली तर वर सांगितलेली कापाकापी करत नाहीत, ही तिच्यातली चांगली सोय. मात्र साधी चोरी तिच्यात नाही. पूर किंवा आग यांसारख्या घटनेमुळे सात दिवसांच्या आत झालेली चोरी तेवढी धरतात. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळा विमा घ्यावा लागतो, आणि त्यातही कुलूप-कडी फोडल्याची खूण लागते. नोकराने गल्ल्यातून उचललं तर तो भागत नाही.

ही पॉलिसी घ्यायला बसलो तेव्हा एका रकान्याने आम्हाला अख्खी दुपार अडवलं. तयार मालाची किंमत. मी विक्रीचा भाव सांगितला. एजंटबाई म्हणाल्या, तसं नाही, माल तयार करायला किती खर्च आला तो धरतात, आणि नुकसान झाल्यावर सर्व्हेअर वही मागतो. वही होती. मिरची, धणे, खोबरं, लसूण, तेल, वीज, भाडं, पिशव्या, सगळं पैशापैशाने लिहिलेलं. मजुरीचा रकाना नव्हताच. "आपलंच तर आहे," असं म्हणत वर्षभर राबायचं आणि दिवाळीला उरेल ते अकराजणींत वाटून घ्यायचं, ही आमची रीत. म्हणजे वहीप्रमाणे आमची एक किलो चटणी तिच्यातल्या मिरची-मसाल्याच्या किमतीचीच! भाजणं, निवडणं, कुटणं, चाळणं, ठसक्याने घसा सोलवटून घेणं यांची किंमत शून्य. घरकामाला मोल नाही म्हणून पंचवीस वर्षं मोर्चे काढणाऱ्या आम्ही, आमच्याच वहीत आमचं काम लिहिलं नव्हतं. त्या दुपारपासून वहीत मजुरी किलोमागे धरतो आणि महिन्याच्या महिन्याला प्रत्येकीच्या खात्यात भरतो. सुरुवातीला दोघीजणी खूप भांडल्या, भाव वाढेल, गिऱ्हाईक तुटेल म्हणून. भाव थोडा वाढला. काही गिऱ्हाईक तुटलंही.

नावाचा प्रश्न आणखी अवघड आहे. आमच्या एका मैत्रिणीची पिठाची गिरणी आहे. दळण तीच दळते, पट्टा तीच बदलते, उधारीची वही तिच्याच डोक्यात. परवाना, वीजबिल आणि विमा नवऱ्याच्या नावावर. शॉर्टसर्किटने आग लागली, कंपनीने पैसे वेळेत दिले, कोणाची काही तक्रार नाही. पैसे नवऱ्याच्या खात्यात आले आणि गिरणी वर्षभर बंद राहिली. विमा कंपनी काय करील? तिला कागदावरचा मालकच दिसतो. तेव्हा एजंटकडे जायच्या आधी उद्योगाची कागदं आपल्या नावावर करून घ्या. उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर फुकट होते. खाण्याचे पदार्थ करत असाल तर अन्न नोंदणीही स्वतःच्याच नावाने काढा.

घरातच धंदा करणाऱ्या तर बहुसंख्य. घराचा विमा असला म्हणजे माजघरात रचलेल्या पापडाच्या डब्यांचाही झाला, असं नाही. तो विमा राहत्या घराचा आणि घरगुती सामानाचा असतो, विकायच्या मालाचा नव्हे. फॉर्म इंग्रजीत असतो आणि एजंट भराभर भरून "इथे सही करा" म्हणतो. घरात पाच शेगड्या पेटत असतील तर तसं लिहायला लावा. खानावळ घरगुती सिलिंडरवर चालत असेल तर तो मुळात नियमभंग आहे, आणि आग लागल्यावर कंपनीच्या हाती आयतं कारण देण्यासारखं आहे. व्यापारी सिलिंडर महाग पडतो, मला ठाऊक आहे. तरीही सांगते.

मेळाव्यांत मी विचारते, विमा कोणाकोणाचा आहे? भरपूर हात वर होतात. चौकशी केली की निघतो तो बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापणारा अपघात विमा. तो असावाच, पण अपघाती मृत्यू किंवा अपंगत्व आलं तरच त्याचे पैसे मिळतात. शिलाई मशीन बुडालं तर त्यातून दमडी मिळत नाही. दुसरा प्रश्न हमखास येतो: "काही झालं नाही तर पैसे परत मिळतात का?" नाही मिळत. ही भिशी नाही. आमच्या सगळ्यात वडीलधाऱ्या मावशी यावर अजून माझ्याशी भांडतात.

काही कार्यकर्त्या मैत्रिणींचा आक्षेप वेगळा आहे. पूर धरणांच्या पाण्याच्या नियोजनातून येतो, नदीकाठच्या भरावांमुळे वाढतो, मग त्याची किंमत बायांनी हप्ते भरून का चुकवायची? १९९९ च्या कायद्याने विमा क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुलं झालं तेव्हा विरोधात मीही पत्रकं वाटली होती. सरकारला जाब विचारणं मी सोडलेलं नाही. पण जाब विचारून उत्तर येईपर्यंत अकरा घरांची चूल कशावर पेटणार? अहमदाबादच्या 'सेवा'ने १९९२ मध्ये आपल्या सभासदांसाठी विमा योजना सुरू केली, त्यात आजारपण-मृत्यूबरोबर मालमत्तेचं नुकसानही धरलं, आणि २००९ मध्ये त्याची बायकांचीच सहकारी संस्था केली. आपल्याकडच्या संघटनांनी या कामाला हलकं मानलं, असं मला वाटतं.

दावा नाकारला तर गप्प बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुणे इथे त्यांची कार्यालयं आहेत, वकील लागत नाही, फी नाही, आणि सूक्ष्म उद्योगांची तक्रारही ते घेतात. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत मात्र जायला हवं.

आमच्या केंद्राची पॉलिसी आता भिंतीवर, मिरचीच्या भावाच्या फळ्याशेजारी टांगलेली आहे. मुदत संपायची तारीख लाल खडूने फळ्यावर. तुमच्या गटाची पॉलिसी बँकेत असेल तर या आठवड्यात जाऊन झेरॉक्स मागा आणि एक प्रत आमच्या कार्यालयात पाठवा. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही चारजणी त्या वाचायला बसणार आहोत. येताना चष्मा आणा, अक्षर फार बारीक असतं.