दारावरची पाटी

आमच्या बिबवेवाडीच्या वस्तीतील एका मुलाला मुलाखतीचा कॉल तारीख उलटून गेल्यावर मिळाला. पत्त्यात गल्ली नव्हती, घर क्रमांक नव्हता. नोकरी मात्र गेली.

डेन्मार्कमध्ये १६२४ पासून चालत आलेल्या सरकारी टपाल सेवेने ३० डिसेंबर २०२५ रोजी पत्रे वाटणे बंद केले. आपल्याकडेही २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. ‘सगळे मोबाईलवर येते’ म्हणणाऱ्यांनी धुणीभांडी करणाऱ्या एकट्या आईचा विचार करावा. कोर्टाची नोटीस, बँकेचे कार्ड तिच्या दारी पोस्टमनच आणतो. घरपोच टपाल टिकलेच पाहिजे, तशी मागणी आपण करू. तोवर दारावर नावाची पाटी लावा. पत्त्यात गल्ली, घर क्रमांक आणि ४११०३७ हा पिनकोड न चुकता लिहा.