डिस्क दुरुस्त होत नाही तेव्हा

सांगलीतील हळदीची एक अडत पेढी. मार्चअखेरचे दिवस, सौद्यांची धांदल, आणि अशा सोमवारी सकाळी दिवाणजींनी संगणक सुरू केला, तो सुरूच होईना. पडद्यावर बराच वेळ चक्र फिरत राहिले आणि अखेर मजकूर उमटला : स्वयंचलित दुरुस्ती हा संगणक दुरुस्त करू शकली नाही. दिवाणजींनी तीन वेळा तो बंद करून पुन्हा सुरू केला, उत्तर तेच. कारागिराने फोनवर सांगितले, "फॉरमॅट मारू, दुपारपर्यंत चालू होईल." थोरले अण्णा होकार देणारच होते, तेवढ्यात पुतण्याने विचारले, "अण्णा, हिशेबाची शेवटची प्रत कधीची आहे?" ती दिवाळीच्या सुमाराची निघाली. म्हणजे त्यानंतरची खरेदीदारांकडील सारी येणी त्या एकाच डिस्कवर होती.

संगणकाची डिस्क ही एक मोठी खातेवही मानली, तर तिच्या आरंभी एक अनुक्रमणिका असते. कोणती फाइल कोठे ठेवली आहे, याची नोंद त्या अनुक्रमणिकेत राहते. वीज अचानक गेली किंवा संगणक मध्येच बंद पडला, तर ही अनुक्रमणिका विस्कटते; आतील पाने मात्र बहुधा शाबूत असतात. दुसरा प्रकार अधिक गंभीर. त्यात डिस्कचा पृष्ठभाग किंवा तिचे यंत्रच झिजलेले असते. म्हणजे वहीचा कागदच विरू लागलेला असतो. पडद्यावरील सूचना दोन्ही प्रसंगी जवळपास सारखीच दिसते. म्हणून ती वाचताच सर्व गेले असे समजणे जितके चुकीचे, तितकेच घाईने फॉरमॅट करणेही चुकीचे.

अशा वेळी कामांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. संगणक पुनःपुन्हा सुरू करून पाहणे प्रथम थांबवावे, कारण झिजलेल्या डिस्कवर प्रत्येक प्रयत्नाचा ताण पडतो. फिरत्या तबकडीच्या डिस्कमधून टकटक किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल, तर वीज बंद करून ती माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडेच सोपवावी. आवाज नसेल, तर डिस्क काढून यूएसबी पेटीतून दुसऱ्या चालू संगणकाला जोडावी आणि सर्वांत मोलाच्या फाइली आधी उतरवून घ्याव्यात. दुरुस्तीचा विचार त्यानंतर. विंडोजमधील 'चेकडिस्क' हे साधन अनुक्रमणिका सुधारताना डिस्कवर लिहिते. त्याची सखोल तपासणी तर तासन्‌तास चालते. मरणासन्न डिस्कला एवढे श्रम सोसतीलच असे नाही.

मॅक संगणकावरही तत्त्व हेच. तेथे रिकव्हरीमधून संगणक सुरू करून 'डिस्क युटिलिटी'तील 'फर्स्ट एड' चालवितात. ॲपलच्या स्वतःच्या चिपचा संगणक असल्यास त्यासाठी पॉवरचे बटण दाबून धरावे लागते. जुन्या इंटेल मॅकवर सुरू होताना कमांड आणि आर या कळा एकत्र दाबाव्या लागतात. दुरुस्ती अशक्य असल्याचे फर्स्ट एडने सांगितले, तर जेवढ्या फाइली वाचता येतील तेवढ्यांची प्रत घ्यावी, डिस्क पुसावी आणि प्रतीवरून माहिती पुन्हा भरावी. पुसल्यानंतरही तीच तक्रार उद्भवली, तर डिस्क बदलण्यावाचून मार्ग उरत नाही.

येथे व्यापाऱ्यांनी दोन गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्यात. पहिली, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा 'डॉक्युमेंट्स'मध्ये असतोच असे नाही. पुष्कळदा तो सी ड्राइव्हवरील वेगळ्या फोल्डरमध्ये, काही वेळा खुद्द सॉफ्टवेअरच्याच फोल्डरमध्ये असतो. कारागीर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स उतरवून निश्चिंत होतो, आणि वर्षाचा हिशेब मागे राहतो. संगणक धडधाकट असतानाच डेटाचा मार्ग पाहून कागदावर लिहून ठेवावा. दुसरी गोष्ट कुलपाची. आजच्या अनेक संगणकांत डिस्कवरील माहिती सांकेतिक स्वरूपात राहते. विंडोजची 48 अंकी रिकव्हरी की किंवा मॅकवरील पासवर्ड हाताशी नसेल, तर डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडूनही काही वाचता येत नाही. नव्या मॅकमध्ये तर साठवणुकीची किल्ली मूळ चिपमध्येच असते. त्यामुळे ती साठवण काढून दुसरीकडे नेण्याचा उपाय तेथे चालत नाही.

सांगलीच्या पेढीत पुतण्याने डिस्क काढून घरच्या संगणकाला जोडली आणि सर्वप्रथम हिशेबाचा फोल्डर उतरवला. तो पूर्ण आला. नंतर काही फोटो व जुनी पत्रे मध्येच अडकली, ती गेली ती गेलीच. तपासणीत डिस्कवर खराब झालेले भाग आढळले. तिच्यावरच फॉरमॅट करून पुन्हा विंडोज भरले असते, तर जुन्या नोंदींवर नवे लिखाण चढले असते आणि थोड्याच महिन्यांत तीच डिस्क पुन्हा बसली असती. अण्णांनी नवी डिस्क घेतली.

जीएसटी कायद्याच्या कलम 36 नुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपावी लागतात. एवढे आयुष्य एका डिस्कच्या भरवशावर सोडणे शहाणपणाचे नव्हे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक पेढीबाहेर, हा जुनाच दंडक आहे. बँकांच्या शाखांत संगणक आले तेव्हा दिवसअखेरची प्रत काढल्याशिवाय कामकाज संपले असे मानत नसत, त्यामागेही हाच विचार होता. प्रत काढून झाल्यावर ड्राइव्ह संगणकापासून सोडवून ठेवावा, आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीवरून हिशेब खरोखर उघडतो की नाही, हे दुसऱ्या संगणकावर पाहावे. न उघडून पाहिलेली प्रत म्हणजे न मोजलेली रोकड.

आता त्या पेढीत रोज संध्याकाळी रोकड जुळली की दिवाणजी प्रत काढतात आणि ड्राइव्ह अण्णांच्या हाती देतात. तिजोरीच्या किल्ल्यांबरोबर तोही घरी जातो.