नदीचे पंचांग आणि आपला रविवार

आषाढ लागला की पालीच्या एस. टी. स्थानकावर दोन प्रकारचे प्रवासी उतरू लागतात. पहिले बल्लाळेश्वराच्या दर्शनाला आलेले. त्यांची वाट ठरलेली आणि परतीची गाडीही ठरलेली. दुसरे पाठीला पिशव्या लावलेले तरुण. त्यांना सुधागडाच्या पायथ्याचे ओढे गाठायचे असतात, ठाणाळे लेण्यांच्या वाटेने जायचे असते, किंवा शेजारच्या कुंडलिकेच्या खोऱ्यात भिऱ्याजवळचे देवकुंड पाहायचे असते. धबधब्याखालच्या कुंडात डुंबावे, ओल्या अंगाने भाकरी खावी आणि संध्याकाळी घर गाठावे, एवढाच त्यांचा बेत असतो. या बेतात वावगे काही नाही. वावगे आहे ते इतकेच, की बेत करताना गाडीची वेळ पाहिली जाते, खिशातले पैसे मोजले जातात, शिदोरीची वाटणी होते. पण ज्या पाण्यासाठी जायचे त्या पाण्याची चौकशी कोणी करीत नाही.

या प्रश्नाचा विचार आपल्याकडे दोनच टोकांनी होतो. एका टोकाला जिल्हा प्रशासनाचा मनाई हुकूम. तो पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमाखाली निघे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ व्या कलमाखाली निघतो. दुसऱ्या टोकाला ‘काही होत नाही’ हे तरुणांचे ठरलेले उत्तर. हुकूम निघतो, फलक लागतो, फलकाला वळसा घालून वाट पडते, एखादे प्रेत निघाले की पुन्हा हुकूम निघतो. या फेऱ्यातून बाहेर पडायचे असेल तर एक गोष्ट मान्य करावी लागेल. कुंडावर जाण्याचा दिवस नदीच्या वेळापत्रकावरून ठरला पाहिजे, आणि ते वेळापत्रक वाचण्याची, सांगण्याची व वेळ पडल्यास वाट बंद करण्याची सोय पायथ्याच्या गावात असली पाहिजे.

नदीचे वेळापत्रक म्हणजे काय, हे आधी पाहू. हिमालयातील ओढ्यांना बर्फाचे पाणी येते. उन्हे चढली की बर्फ वितळते, दुपारनंतर प्रवाह फुगतो आणि रात्री थंडीने पुन्हा उतरतो. म्हणून तेथले जाणते वाटाडे असे ओढे पहाटे ओलांडतात. युरोप-अमेरिकेतील पर्वतांतही वसंत ऋतूत असाच हिशेब करावा लागतो. तो पूर मोठा असला तरी त्याला काही एक शिस्त असते. कोकणातल्या नद्यांना अशी शिस्त नाही. खोपोली-खंडाळ्याच्या डोंगरांत उगम पावणारी अंबा जांभूळपाडा, पाली व नागोठणे ही गावे ओलांडून धरमतरच्या खाडीला मिळते. माथा उंच, वाट थोडी, उतार तीव्र, आणि तळाशी पाणी सहजी न मुरू देणारा काळा पाषाण. जूनच्या पहिल्या सरी तहानलेली जमीन पिऊन टाकते. जुलैत तिची तहान भागलेली असते; मग पडणारा जवळजवळ प्रत्येक थेंब ओढ्याकडे धावतो. सकाळी गुडघाभर असलेला ओढा दुपारी छातीभर होतो आणि रात्री पुन्हा गुडघ्यावर येतो. त्यात नागोठण्यापर्यंत भरतीचे पाणी चढते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाशी पुराची गाठ पडली की खालचे दार बंद होते आणि पाणी मागे तुंबते.

येथे थोडे गणित मांडावेसे वाटते. समजा, एखाद्या कुंडाच्या वर दहा चौरस किलोमीटरचे पाणलोट क्षेत्र आहे आणि तेथे तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला. हे पाणी पाच लाख घनमीटर भरते. त्यातले निम्मेच पुढच्या तासाभरात ओढ्यात उतरले असे धरले, तरी दर सेकंदाला सुमारे सत्तर घनमीटर, म्हणजे सत्तर टन पाणी त्या कुंडातून जाणार. शिवाय वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. म्हणूनच वीतभर उंचीचे वेगवान पाणीदेखील धडधाकट माणसाचे पाय उचलते. धबधब्याच्या तळाशी तर आणखी एक कारस्थान चालू असते. तेथल्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने ते अंगाला नीट तरंगू देत नाही, आणि वरून पडणारा लोट पोहणाऱ्याला पुन्हा पुन्हा आत ओढतो. विहिरीत पोहायला शिकलेल्या मुलाला आपल्या पोहण्याचा जो विश्वास वाटतो, तो येथे उपयोगी पडत नाही.

सर्वांत फसवी बाब अशी की हा पाऊस आपल्या डोक्यावर पडावाच लागत नाही. २२-२३ जुलै २०२१ च्या चोवीस तासांत महाबळेश्वरी सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि तेथे उगम पावणाऱ्या सावित्रीने खाली महाड बुडवले. जे महानदीच्या बाबतीत घडते ते ओहोळाच्या बाबतीतही घडते, फक्त अधिक झपाट्याने. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ती माणसे प्रवाहाच्या मधोमध उभी होती, आणि पाहता पाहता पाणी वाढले. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना, धोकादायक ठरवलेला पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला. चार जण दगावले. दोन्ही दिवस रविवार होते. यात काही योगायोग नाही. कारकुनाची, शिक्षकाची, विद्यार्थ्याची सुटी रविवारी असते, म्हणून गर्दी रविवारी होते. नदीला मात्र रविवार ठाऊक नाही.

पावसाशिवायही पाणी वाढते, हे कुंडलिकेच्या काठी राहणाऱ्यांना सांगावे लागत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर मुळशीला अडवलेले पाणी नळांतून खाली आणून भिऱ्याच्या केंद्रात १९२७ पासून वीज निर्माण होते आणि तेच पाणी कुंडलिकेत सोडले जाते. कोलाडचे राफ्टिंग चालते ते याच सोडलेल्या पाण्यावर. म्हणजे या नदीचे एक वेळापत्रक आभाळात ठरते आणि दुसरे वीजकेंद्रात. अशा नदीत उतरणाऱ्याने दोन्ही विचारली पाहिजेत. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात हैदराबादचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी उतरले असताना वरच्या लारजी प्रकल्पातून पाणी सोडले गेले. चोवीस विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबरचा सहल-संयोजक प्राणांस मुकले. पूर आभाळातून येतो या एकाच समजुतीवर विसंबणे किती महाग पडते, हे सहली नेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने त्या घटनेवरून शिकावे.

मग बेत कसा करावा? आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही असे सांगतो, की बेत परतीपासून मागे मांडत यावे. अंधाराआधी पायथा गाठायचा, तर कुंडावरून किती वाजता निघायचे? परतीच्या वाटेवर किती ओढे ओलांडायचे आहेत, त्यांपैकी किती ओढ्यांवर साकव आहे आणि किती नुसत्या दगडांवरून पार करायचे? जाताना ओलांडलेला ओढा येताना ओलांडता येईलच, असे गृहीत धरणे ही पहिली चूक. पाणी चढले तर ते उतरेपर्यंत अलीकडे थांबायची तयारी हवी. म्हणजे एक वेळचे अन्न, कोरडे कपडे आणि घरी आधीच दिलेला निरोप हवा. पाणी गढूळ होऊ लागले, त्यात पालापाचोळा व काटक्या येऊ लागल्या, वरून येणारा आवाज बदलला, मघाशी दिसणारा दगड दिसेनासा झाला, की सामान आवरत बसू नये, लगेच काठ चढावा. जुलै-ऑगस्टमध्ये कुंड पाहावे, पण काठावरून. डुंबायचेच असेल तर पाऊस सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास यावे. तेव्हा पाणी निवळलेले असते, तळ दिसतो आणि ओढा दिवसभर एका पातळीला असतो. नदीच्या पंचांगातला स्नानाचा मुहूर्त तो.

एवढे सारे एकट्या पर्यटकावर सोपवून मात्र चालणार नाही. हवामान खाते जिल्ह्याला पिवळा, नारिंगी, तांबडा असा इशारा देते, आणि ते खाते आपले काम करते. परंतु जिल्ह्याचा इशारा हा एका ओढ्याचा इशारा नव्हे. मनाई हुकुमाची उणीव नेमकी येथेच आहे. तो तारखेने लागतो आणि तारखेनेच उठतो. पाण्याची पातळी त्याला दिसत नाही. कोरड्या आठवड्यातही तो लागू असतो, म्हणून लोकांना तो खोटा वाटू लागतो. एकदा खोटा वाटला की ज्या दिवशी तो खरा असतो त्या दिवशीही कोणी जुमानत नाही. अर्थशास्त्रात हे नेहमी दिसते. सरसकट बंदीने मागणी नाहीशी होत नाही, ती आडवाटेने जाते. आणि आडवाट म्हणजे येथे खरोखरची आडवाट, गावाच्या नजरेआडून रानात शिरणारी.

या व्यवहारात खर्च कोण सोसतो, हेही पाहिले पाहिजे. सहलीचा आनंद शहराकडे जातो. माणूस हरवला की शोधाला निघतात ते गावातले पोरगे, वाड्यांवरचे ठाकर आणि कातकरी, आणि लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक. हे दिवस भाताच्या लावणीचे. शेतातली माणसे दोरखंड घेऊन दरीत उतरली की त्या दिवसाची लावणी राहते, मजुरी बुडते, आणि स्वतःचा जीव धोक्यात पडतो तो वेगळाच. याला आम्ही वर्गात बाह्य परिव्यय म्हणतो. म्हणजे करणारा एक आणि भरणारा दुसरा. दुसरीकडे, बंदी लागली की याच गावातला वाटाड्या, चहावाला आणि जेवण करून देणारी बाई यांचे हंगामाचे चार पैसे जातात. धोका झाला तरी गाव भरते आणि बंदी झाली तरी गावच भरते.

तेव्हा अधिकार आणि उत्पन्न ही दोन्ही गावाकडे द्यावीत. प्रत्येक कुंडाच्या वाटेवर ओढा ओलांडण्याची जी शेवटची जागा असेल, तेथे खडकावर किंवा खांबावर रंगाने पाण्याची खूण करावी. पाणी तांबड्या रेघेला टेकले की वाट बंद, मग तारीख कोणतीही असो. हा निर्णय ग्रामपंचायतीने नेमलेल्या जाणत्या माणसांचा असावा आणि पोलिसांनी त्यामागे उभे राहावे. महसूल मंडळवार पाऊस मोजणारी स्वयंचलित केंद्रे राज्यात बसवलेली आहेत. तेथला सकाळचा आकडा पायथ्याच्या फळ्यावर लिहिला जावा. धरणातून किंवा वीजकेंद्रातून पाणी सुटणार असेल तर ती वेळही त्याच फळ्यावर यावी. पावसाळ्यात स्थानिक वाटाड्याशिवाय कोणी वर जाऊ नये, आणि त्याचे शुल्क ठरलेले असावे. त्यातला एक हिस्सा दोर, तरंगजाकिटे व शोधपथकाचा विमा यांसाठी राखून ठेवावा.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की गरीब विद्यार्थ्याला शुल्क परवडणार नाही. दहा-बारा जणांत वाटले तर ते चहा-भज्यांच्या खर्चापेक्षा फार होणार नाही. आणि महाविद्यालयांनी आपल्या सहलींपुरते ते सोसावे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्या वाटाड्याचे पोट पर्यटकावर आहे तो वाट बंद कशी करील? त्याचे उत्तर असे की वाट बंद असलेल्या दिवसाची मजुरीही त्याला त्या शुल्काच्या निधीतून मिळाली पाहिजे. ‘आज नको’ म्हणण्याने त्याचे नुकसान होत असेल, तर तो ते फार दिवस म्हणणार नाही. ही तरतूद झाली नाही तर बाकीची सारी योजना कागदावर राहील.

नदीची माहिती आपल्याकडे नाही असे नाही. जुलै १९८९ मध्ये अंबेच्या पुराने जांभूळपाड्यात जो अनर्थ केला, तो पाहिलेली माणसे सुधागड तालुक्यात आजही आहेत. पाणी कोठवर आले, किती वेळात आले आणि त्याआधी आभाळ व नदी कशी दिसत होती, हे ती सांगू शकतात. ही पिढी जाण्याआधी तालुक्यातील शाळा-महाविद्यालयांनी त्यांच्याकडून हे लिहून घ्यावे आणि खुणा करून घ्याव्यात. रंगाचा डबा, एक फळा आणि पाच-सहा जाणती माणसे, एवढ्यावर हे काम पुढच्या जूनच्या आत सुरू होऊ शकते. तोवर कुंडाकडे निघणाऱ्याने निदान इतके करावे: पायथ्याच्या गावात थांबून तेथल्या माणसाला पाणी कसे आहे ते विचारावे, आणि तो ‘आज नको’ म्हणाला तर सारसगडाच्या सावलीत बल्लाळेश्वराचे दर्शन घेऊन आल्या गाडीने परत जावे.