परतावा तिथला, शुल्क इथले

परदेशप्रवास हा व्यापारी कुटुंबांत आता अपूर्वाईचा विषय उरलेला नाही. अँटवर्पला हिऱ्यांच्या व्यवसायात असलेले नातेवाईक, दुबईतील लग्नाची खरेदी, सुट्टीतील युरोपची सहल अशा निमित्तांनी घरातील कोणी ना कोणी विमानतळावर असतेच. मात्र ज्या घरात पैचा हिशेब वहीत उतरल्याशिवाय दिवस संपत नाही, त्याच घरात परदेशातील खरेदीचा हिशेब पुष्कळदा अर्धवट मांडला जातो. तिथे मिळालेला कराचा परतावा जमेस लिहिला जातो. मायदेशी उतरल्यावर देय होणारे शुल्क नावे टाकायचे राहून जाते.

परतावा ही कोणा सरकारची मेहेरबानी नव्हे. वस्तू जेथे वापरली जाणार त्या देशाने तिच्यावर कर घ्यावा, हे त्यामागील तत्त्व आहे. आपल्याकडे निर्यातदाराला जीएसटीचा परतावा मिळतो तो याच न्यायाने, आणि आयातदाराला शुल्क भरावे लागते तेही याच न्यायाने. परदेशी दुकानातून घड्याळ घेऊन निघालेला प्रवासी तिथला छोटा निर्यातदार असतो आणि मुंबईला उतरताच इथला छोटा आयातदार होतो. हे ध्यानी ठेवले की बाकीचे नियम समजण्यास सोपे जातात.

युरोपीय संघातील देशांत परतावा मिळतो तो संघाबाहेर राहणाऱ्याला. येथे पासपोर्ट नव्हे, तर निवास पाहिला जातो. म्हणून अँटवर्पला स्थायिक झालेल्या भावाने पासपोर्ट भारतीय असला तरी आपल्या नावे बिल केले, तर त्यावर परतावा मिळत नाही. बिल आणि परताव्याचा अर्ज दोन्ही प्रवाशाच्याच नावे, त्याचा पासपोर्ट दाखवून, दुकानातच तयार व्हावे लागतात. किमान खरेदीची मर्यादा देशागणिक निराळी आहे: फ्रान्समध्ये १०० युरोंहून अधिक, जर्मनीत ५० युरोंहून अधिक, इटलीने २०२४ मध्ये ती सुमारे १५५ युरोंवरून ७० युरोंवर आणली. हॉटेल, भोजन, टॅक्सी यांवरील कर परत मिळत नाही. खरेदीच्या महिन्यानंतरचे तीन महिने संपण्यापूर्वी वस्तू संघाबाहेर गेली पाहिजे, आणि ती गेल्याची नोंद संघातील शेवटच्या विमानतळावर झाली पाहिजे. पॅरिसहून झुरिकमार्गे मुंबईला येणाऱ्याने ही नोंद पॅरिसलाच करावी, कारण स्वित्झर्लंड संघात नाही. सामान विमान कंपनीच्या हवाली करण्यापूर्वीच हे उरकावे; अधिकाऱ्याने वस्तू पाहायला मागितली आणि बॅग पुढे निघून गेलेली असली, तर अर्ज निष्फळ ठरतो. ब्रिटनने मात्र १ जानेवारी २०२१ पासून, उत्तर आयर्लंडचा अपवाद वगळता, प्रवाशाने स्वतः सोबत नेलेल्या खरेदीवरील परतावा बंद केला आहे.

परताव्याचा आकडाही नीट समजून घ्यावा. फ्रान्समध्ये कर २० टक्के आहे. म्हणजे १२० युरोंच्या किमतीत २० युरो कर असतो. तो पूर्ण हाती येत नाही. परताव्याचे काम करणाऱ्या कंपनीचा मोबदला वजा जाता साधारणतः किमतीच्या १२ टक्के रक्कम उरते. रोख घेतल्यास काही ठिकाणी आणखी कपात होते. संयुक्त अरब अमिरातीत १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के कर आहे आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पर्यटकांसाठी परताव्याची योजना सुरू झाली. योजना सुरू झाली तेव्हा तेथे कराच्या ८५ टक्के रक्कम मिळत असे, त्यातूनही प्रत्येक अर्जामागे ४.८० दिरहम वजा होत. त्या हिशेबाने १०,००० दिरहमच्या खरेदीवर ५०० दिरहम कर भरला, तर हाती येत ४२०.२० दिरहम.

आता वहीची दुसरी बाजू. २०१६ च्या सामान नियमांत बहुतेक देशांतून परतणाऱ्या भारतीय प्रवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या वस्तू निःशुल्क आणण्याची मुभा होती. ही मर्यादा काळानुसार बदलते, त्यामुळे निघण्यापूर्वी सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर चालू आकडा पाहून घ्यावा. मर्यादेबाहेरील मूल्यावर ३५ टक्के शुल्क व त्यावर अधिभार मिळून ३८.५ टक्के, असा दर वर्षानुवर्षे राहिला आहे. हेच आकडे धरून पॅरिसला १,२०,००० रुपयांचे घड्याळ घेतले असे समजू. तिथला परतावा सुमारे १४,४०० रुपये. इथे ५०,००० वजा जाता ७०,००० रुपयांवर शुल्क २६,९५० रुपये. म्हणजे परतावा मिळूनही घड्याळ १२,५५० रुपयांनी महागच पडले. घरातील चौघांच्या सवलती एकत्र करून ते निःशुल्क आणता येत नाही, कारण एका प्रवाशाची सवलत दुसऱ्याच्या सवलतीत मिळवण्यास नियमांची मनाई आहे.

सोन्याच्या बाबतीत तर अधिक सावध राहावे. दागिन्यांची स्वतंत्र सवलत आहे ती एक वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून परतणाऱ्यांना. चार दिवसांच्या दुबईवारीला ती लागू होत नाही. नाणी आणि बिस्किटे सर्वसाधारण सवलतीत बसतच नाहीत. घरचे दागिने घालून परदेशी लग्नाला जाणाऱ्या स्त्रियांनी निघताना विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. त्यासाठी तास-दीड तास आधी पोहोचावे लागते, म्हणून पुष्कळ जण टाळतात. पण परतताना पाटल्या सासूबाईंच्या आहेत हे सिद्ध करणारा याहून सोपा पुरावा नाही. २००२ मध्ये दिल्ली विमानतळावर परदेशातून आलेल्या एका महिलेचे दागिने जप्त झाले. ते तिचे वैयक्तिक सामान होते, हा तिच्या बाजूचा निर्णय सर्वोच्च न्यायालयातून आला तो २०१७ मध्ये. न्याय मिळाला, पण मध्ये पंधरा वर्षे गेली.

व्यापाऱ्याने आणखी एक सीमारेषा सांभाळावी: विक्रीचा माल हा प्रवाशाचे सामान होऊ शकत नाही. हिरे वा दागिने व्यवसायासाठी सोबत नेण्या-आणण्याची कार्यपद्धती वेगळी आहे, आणि तिची कागदपत्रे वेगळी. परकीय चलनाच्या नोटा ५,००० डॉलरहून अधिक असतील, किंवा प्रवासी धनादेशांसह एकूण रक्कम १०,००० डॉलरहून अधिक असेल, तर येताना घोषणापत्र भरणे बंधनकारक आहे.

विमानतळावर शेवटी दोनच वाटा उरतात, लाल आणि हिरवी. शुल्कपात्र वस्तू जवळ असताना हिरव्या वाटेने चालू लागणे म्हणजे ‘माझ्याजवळ घोषित करण्यासारखे काही नाही’ असे न बोलता सांगणे होय. पकडले गेल्यास वस्तू जप्त होऊ शकते. ती सोडवण्यासाठी दंड, वर शुल्क, शिवाय वेगळी शास्ती. त्यातही परताव्याच्या अर्जावर नाव, किंमत आणि तारीख आपल्याच हाताने लिहिलेली असते. तिथे ‘माल देशाबाहेर नेत आहे’ असे सांगून पैसे घ्यायचे आणि इथे ‘काही आणले नाही’ म्हणायचे, ही दोन्ही विधाने एकाच वहीत बसत नाहीत.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम गणला गेला आहे. राज्याचे नियम ओलांडून केलेला व्यवहार कोणाच्या घरी दरोडा न घालताही चोरीच्या वाटेला लागतो, हे त्यामागील भान. मुलांना दुकानाच्या गल्ल्यावर बसवून जो प्रामाणिकपणा शिकवला जातो, त्याची परीक्षा लाल आणि हिरव्या वाटेच्या तोंडाशी, मुले शेजारी उभी असतानाच होते. म्हणून बिले एका पाकिटात ठेवावीत, विमानात बसण्यापूर्वीच बेरीज करावी, मर्यादा ओलांडत असेल तर लाल वाटेने जाऊन शुल्क भरावे आणि पावती घ्यावी. त्या पावतीनंतर ती वस्तू खऱ्या अर्थाने आपली होते.