कोळसा अजून जळतोच आहे

३० सप्टेंबर २०२४ रोजी ब्रिटनमधले कोळशावरचे शेवटचे वीजकेंद्र बंद झाले. कारखानदारी भांडवलशाही जिथे कोळशावर पोसली गेली, तिथलीच चूल विझली. तरी त्याच वर्षी जगाने कोळसा जाळण्याचा उच्चांक गाठला. इंजिने काटकसरी झाली म्हणून कोळसा वाचत नाही, उलट वाफ स्वस्त होऊन खप वाढतो, हे अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५मध्येच दाखवले होते. सौरऊर्जा स्वस्त झाली, आता काळजी कसली, असे म्हणणाऱ्यांना आमचे उत्तर हेच: जगाचा हिशेब मांडला तर नव्या ऊर्जेने आजवर जुनीची जागा घेतलेली नाही, तिच्यात भरच घातली आहे. नफा पुन्हा गुंतवून वाढत राहणे हाच ज्या व्यवस्थेचा प्राण, तिला थांबणे कसे जमणार? गरीब देशांना वीज हवीच, हे आम्हांला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच वाढ कोणाची आणि कशासाठी, हे विचारावे लागते. कोळशावरच्या वीजकेंद्राच्या चंद्रपुरात दोरीवरच्या कपड्यांवर काळी भुकटी बसते, आणि तिथली वीज दूरच्या शहरांत उजेड पाडते.

या अंकातले लेख हा प्रश्न केवळ तंत्रज्ञानाचा न मानता मालकीचा आणि वाटपाचा मानतात. तुम्हांला हे पटले नाही, तर अवश्य लिहा. विरोधी पत्रे आम्ही आधी छापू.