किल्ल्याशेजारी एक भट्टीही

दिवाळीत आमच्या सोसायटीची मुलं जिन्याखाली किल्ला करतात. चोरदरवाजा कुठे, पाण्याचं टाकं कुठे, सगळं त्यांना तोंडपाठ असतं, कारण ते त्यांनी चिखलात हात घालून रचलेलं असतं. कारखान्यांचा इतिहासही असाच हाताने रचायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

मुंबईतल्या एका रिफायनरीत मी चौतीस वर्षं शिफ्ट केल्या. निवृत्त झाल्यावर आसामात दिग्बोईला जाऊन आलो. तिथली पहिली विहीर सप्टेंबर १८८९ मध्ये खणायला घेतली, ती नोव्हेंबर १८९० मध्ये ६६२ फुटांवर पुरी झाली. जवळच्या मार्गेरिटाला १८९३ मध्ये लहानशी रिफायनरी झाली आणि ११ डिसेंबर १९०१ रोजी खुद्द दिग्बोईची सुरू झाली. ती आजही चालू आहे. परत आलो आणि पितळेचा पातळ पत्रा विकत घेतला.

गेली दोन वर्षं मी त्या काळातली तेल गाळायची भट्टी बनवतो आहे, एकास पन्नास या प्रमाणात. माणूस सव्वातीन सेंटिमीटरचा, वीट साडेचार मिलिमीटरची. सगळ्यात वेळ रिव्हेटांनी खाल्ला. तेव्हा पत्रे वेल्डिंगने नव्हे, रिव्हेट ठोकून जोडत. पत्रा उलटा धरून बोथट सुईने एकेक टिंब दाबायचं, दोन टिंबांत जेमतेम सव्वा मिलिमीटर. हात घसरला की अख्खी पट्टी फुकट. अशा चार पट्ट्या टाकून दिल्यावर मला उमगलं, की प्रत्येक टिंबामागे तापलेला रिव्हेट धरणारा एक आणि घण मारणारा एक माणूस होता.

विटांच्या चौथऱ्यावर आडवं लोखंडी पिंप, खाली जाळ, वरून वाफ नेणारी नळी आणि पुढे पाण्याच्या हौदात बुडवलेलं वेटोळं. फेणीची भट्टी पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. वेटोळ्यासाठी मी जळक्या मोटरची तांब्याची तार वापरली. आजचा कॉलम रात्रंदिवस चालतो. तेव्हा मात्र पिंप भरायचं, तापवायचं, गाळायचं आणि निवू द्यायचं. गाळ करपेपर्यंत भट्टी चालवली असेल, तर निवल्यावर माणसं आत शिरून तळाचा कोक खरवडत. माझ्या मॉडेलचं ते भोक आठ मिलिमीटरचं आहे. नातीने त्यात करंगळी घालून पाहिली, गेली नाही. “आजोबा, यातून माणूस जायचा?” जायचा, बाळा.

पण खरी जागा वेटोळ्याच्या शेवटी आहे. तिथे काचेच्या खिडकीतून धार दिसे. आधी हलका नाफ्था, मग रॉकेल, मग जड तेल. भट्टीवाला धार बघायचा, हायड्रोमीटरने घनता मोजायचा आणि वेळेवर कॉक फिरवायचा. तो घाईने फिरवला तर नाफ्था रॉकेलमध्ये मिसळे आणि शेकडो कोस दूर कुणाच्या तरी घरातला दिवा भडके. हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण तो कॉक चिमट्याने बसवताना पोटात कालवलं.

हे मॉडेल मी एका विज्ञान प्रदर्शनात घेऊन गेलो. आयोजक म्हणाले, बटण दाबलं की दिवे लागतील असं काहीतरी करा. मी परत आणलं. दिवे पाहून मुलं पुढच्या टेबलावर जातात. उघड्या कापलेल्या पिंपासमोर उभी राहिली, तर विचारतात.

माझी मागणी साधी आहे. माहुल-तुर्भ्याच्या रिफायनऱ्या १९५४ आणि १९५५ सालच्या. पहिली युनिटं सुरू होताना तिथे उभे असलेले फार थोडे लोक आता उरलेत. आयटीआयच्या फिटर-वेल्डर मुलांना वर्षात एक जुनं युनिट मोजून, विचारून, कापीव मॉडेल करायला द्या, आणि त्याचे गुणही द्या. जुनी ड्रॉइंग रद्दीत घालण्याआधी त्यांच्या मास्तरांना दाखवा. ज्यांच्या घरी अशा वडीलधाऱ्यांचे फोटो, डायऱ्या आहेत, त्यांनी त्यांच्याशेजारी बसून कोणता कॉक कुठे होता ते आत्ताच लिहून घ्यावं. माझ्या टेबलावर रविवारी सकाळी दोन मुलांना जागा आहे. चिमटे मी देईन.