थ्रेड : वटारलेल्या डोळ्यांचा इतिहास

१/ माहूरचा गड ज्या मुलखात उभा आहे, तो माहूर तालुका पूर्वी किनवट तालुक्याचाच भाग होता. सतराव्या शतकात या मुलखात उदाराम घराण्याचा दबदबा होता. त्याच घराण्यातील एक स्त्री ‘रायबागन’, म्हणजे राजवाघीण, या पदवीने इतिहासात ओळखली जाते. आज तिच्या नावाने फिरणाऱ्या चित्रांत उधळलेला घोडा, उगारलेली तलवार आणि वटारलेले डोळे दिसतात. हा थ्रेड त्या वटारलेल्या डोळ्यांविरुद्ध आहे.

२/ प्रथम प्रसंग पाहावा. फेब्रुवारी १६६१. मोगल सरदार कारतलबखान सह्याद्री उतरून कोकणात निघाला होता. रायबागन त्याच्या सैन्यात होती. उंबरखिंडीच्या अरण्यात शिवाजी महाराजांनी या सैन्याची चहूबाजूंनी कोंडी केली. पुढे वाट नाही, मागे वाट नाही, पाणीही नाही.

३/ कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात या घटकेचे वर्णन आहे. तेथे रायबागन तलवार उगारत नाही. ती सेनापतीला त्याची चूक स्पष्ट शब्दांत दाखवते आणि शरण जाऊन सैन्य वाचवण्याचा सल्ला देते. खानाने तो मानला. द्रव्य व सामान देऊन सैन्य जिवंत परतले.

४/ म्हणजे तिच्या चारित्र्याचा कस लागला तो क्रोधात नव्हे, तर विवेकात. पराभव समोर दिसत असता तो मोठ्याने उच्चारण्याचे धैर्य तिच्याकडे होते. उगारलेल्या तलवारीचे चित्र नेमके हेच पुसून टाकते. चित्रकाराने तिला शौर्य बहाल केले आणि तिची बुद्धी काढून घेतली.

५/ आता या सर्व चित्रांचे मूळ सांगितले जाते त्या शिवाजी महाराजांच्या प्रतिमेकडे वळावे. दक्षिणेत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात घडलेली महाराजांची चित्रे आजही उपलब्ध आहेत. ॲमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयातील विट्सेन संग्रहात एक आहे, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एक आहे. इटालियन प्रवासी मनुची याने मीर महंमद या चित्रकाराकडून करवून घेतलेले अश्वारूढ चित्र पॅरिसला आहे.

६/ या चित्रांत निमुळती दाढी आहे, धारदार नाक आहे, शिरपेच आहे, शस्त्र आहे. नाही तो फक्त संताप. चेहरा शांत, नजर स्थिर. दख्खनी चित्रकार स्वभाव भुवयांच्या गाठीत शोधत नसे. उभे राहण्याची ढब, शस्त्रावरचा हात, मानेचा ताठा आणि नजरेची दिशा यांतून तो माणूस उभा करी.

७/ हा केवळ चित्रकाराचा संकेत होता, असा आक्षेप येईल. त्याला उत्तर लेखी साक्षीत आहे. जानेवारी १६६४ मध्ये सुरतेच्या स्वारीत अँथनी स्मिथ हा इंग्रज महाराजांच्या छावणीत कैद होता. त्याने सांगितलेले वर्णन एस्कॅलियट या पाद्र्याने पत्रात नोंदवले आहे : मध्यम उंची, प्रमाणबद्ध बांधा, तीक्ष्ण नजर आणि बोलताना हसल्यासारखा भासणारा चेहरा.

८/ हे वर्णन स्तुतिपाठकाचे नाही. कैद झालेल्या शत्रुपक्षाचे आहे. ज्याला भेदरवायचे होते, त्याच्याही स्मरणात उरले ते स्मित. तीक्ष्ण नजर आणि स्मित एकाच चेहऱ्यावर नांदणे, हेच रंगवायला अवघड. वटारलेले डोळे काढणे त्या मानाने फारच सोपे.

९/ भाव आणि स्वभाव यांतला भेद मलिक अंबरच्या दोन चित्रांत लख्ख दिसतो. उदाराम आधी याच अंबरच्या बाजूस होता, नंतर तो मोगलांना मिळाला. १६१६ च्या सुमारास जहांगीरच्या दरबारी अबुल हसनने एक चित्र रंगवले : पृथ्वीगोलावर उभा बादशहा भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या शिरावर बाण सोडतो आहे. चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे.

१०/ वास्तवात अंबरचे शिर कधीच कापले गेले नाही. १६२६ मध्ये तो वृद्धापकाळी मरण पावला आणि तोवर मोगलांना झुंजवत राहिला. त्या चित्रात भाव ठासून भरला आहे, पण तो जहांगीरच्या असहायतेचा. अंबरचा स्वभाव त्यात तिळभरही नाही.

११/ मोगल चित्रशाळेतल्याच हाशिमने काढलेले अंबरचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. बाजूने दिसणारा चेहरा, भारदस्त बांधा, साधा जामा. ना विजयाचा तोरा, ना द्वेष. शत्रूच्या दरबारातल्या चित्रकारानेही त्याची प्रतिष्ठा शाबूत ठेवली. आजच्या चित्रकाराला आपल्याच माणसांविषयी एवढाही संयम का नसावा?

१२/ ‘रौद्र रूप ही आपली परंपरा आहे’ असे उत्तर मिळते. परंपरेलाच विचारावे. धनंजयाच्या ‘दशरूपक’ ग्रंथात नायकांचे चार प्रकार आहेत. धीरोदात्त नायक गंभीर, क्षमाशील, बढाई न मारणारा, अहंकार झाकून ठेवणारा. धीरोद्धत नायक गर्विष्ठ, चंचल, कोपिष्ट. फलकांवरची चित्रे धीरोदात्ताला धीरोद्धत करून टाकतात, आणि त्यालाच गौरव म्हणतात.

१३/ ‘चित्र म्हणजे छायाचित्र नव्हे, प्रेरणा महत्त्वाची’ हा दुसरा युक्तिवाद. कल्पनाचित्रावर बंदी कोणीच मागत नाही. मागणी एवढीच की कल्पनेने कल्पना म्हणून वावरावे. चुकीचा चेहरा किती काळ टिकतो, याचा दाखला महाराष्ट्राकडे आहे. महाराजांचे म्हणून प्रचलित असलेले एक चित्र वस्तुतः इब्राहिमखान नावाच्या सरदाराचे होते, हे इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांना सिद्ध करावे लागले.

१४/ बेंद्र्यांच्या काळी एक चुकीचे चित्र होते. आज यंत्राने घडवलेली चित्रे क्षणात निपजतात आणि सारी एकाच मुद्रेची असतात. महाराज, संभाजीराजे, रायबागन, कोणीही असो, डोळे तेच, गाठ तीच. शेकडो माणसांचा इतिहास एका मुखवट्यात कोंबला जातो. सर्वांचा चेहरा एक झाला की कोणाचाच स्वभाव उरत नाही.

१५/ याची किंमत तरुण वाचक मोजतो. किनवटच्या शाळेतल्या मुलीने रायबागनचे ते चित्र पाहिले, तर तिला कळेल की शूर असणे म्हणजे संतापणे. तिच्याच मुलखातली एक स्त्री हजारोंच्या कोंडीत शांत राहिली, सेनापतीला खरे बोलली आणि त्या खऱ्या बोलण्याने सैन्य वाचले, हे तिला कळणार नाही.

१६/ म्हणून चित्र पुढे धाडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हे कोणी काढले? केव्हा काढले? मूळ कोठे ठेवले आहे? उत्तरे नसतील तर चित्राखाली ‘काल्पनिक’ हा एक शब्द लिहावा. आणि रायबागनच्या नावापुढे खरे चित्र नसेल, तर ती चौकट रिकामी ठेवून तिचा उंबरखिंडीतला सल्ला तेथे लिहावा. तिचे खरे व्यक्तिचित्र तेच आहे.